वर्गातील हवा



अध्यापनाच्या पद्धतींविषयी या परिषदेत पुष्कळ बोलणे झाले. मी आज एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे वर्गातील हवा.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत शिक्षक होतो. श्रावणातील झडीचे दिवस होते. पाऊस आत येतो म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या, आणि लहानशा खोलीत चाळीस मुले बसलेली. तिसऱ्या तासाला एक मुलगा पेंगू लागला. आळशी म्हणून मी त्यास उभे केले. थोड्या वेळाने माझेच डोके जड झाले, तेव्हा दार उघडले. गार वारा आत येताच सारा वर्ग तरतरीत झाला. दोष मुलाचा नव्हता हे मला उमगले. पण शिक्षा मात्र त्याने भोगली होती.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट असतो. म्युनिक येथील शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे प्रतिपादन केले की, खोलीत हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये. तेवढ्याने विषबाधा होते असे नव्हे. परंतु हवा किती शिळी झाली, याचे ते माप होय. कोंदट वर्गात उष्मा व दमटपणा वाढतो, डोके दुखते, चित्त लागत नाही. शिवाय क्षय, गोवर यांसारखे रोग एकाच्या खोकल्यातून दुसऱ्यास जडण्याचा संभव वाढतो.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खिडकीपुढे कपाट असल्यास ते हलवावे. पावसाचा मारा असेल, तेव्हा आडोशाच्या बाजूची खिडकी तरी उघडी असावी. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून दारे सताड उघडावीत. फळा ओल्या फडक्याने पुसावा. पोषण आहार जेथे अद्याप लाकडांवर शिजतो, तेथे चुलीचा धूर वर्गात शिरणार नाही, अशी व्यवस्था करावी. एखादे मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकत असेल, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्याविषयी पालकांस सांगावे.

पेंगणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वी आपण एकवार खिडकीकडे पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.