गाडीचे हादरे आणि निदानाची मजुरी



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. त्याने घरच्या मोटारीच्या हादऱ्यांवर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु गॅरेजमधील कामगारांत हिंडताना 'गाडी फार उडते हो' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, आणि त्यावरून गिऱ्हाईक व कारागीर यांच्यात इतके तंटे पाहिले आहेत, की हा विषय आम्हांला परका वाटत नाही.

पहिली गोष्ट, सगळे उडणे सारखे नव्हे. खड्ड्यात चाक गेले की दगडावर आपटल्यासारखा दणका बसतो, ही एक तक्रार. खड्डा मागे पडला तरी गाडी होडीसारखी डोलत राहते, ही अगदी वेगळी. आणि गुळगुळीत रस्त्यावर ताशी ८०च्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरते, ती तिसरीच. तिसरीचे मूळ बहुधा चाकांच्या तोलात असते. रिमला लहानसे वजन लावले की काम भागते. तेवढ्यासाठी कोणी शॉकअप बदला म्हणाला तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

कठीण दणका बसत असेल तर प्रथम हवा पाहावी. कंपनीने ठरवलेला आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. लहान गाड्यांना तो बहुधा ३० ते ३५ पौंडांच्या दरम्यान असतो. टायर थंड असताना मोजावे, कारण धावून तापला की दाब काही पौंड चढतो. 'मायलेज मिळते' म्हणून चाळीस पौंड भरून घेणारे लोक दणक्याची तक्रार घेऊन येतात! मोठ्या रिमवर पातळ टायर चढवण्याची हौस केली असेल तरी तेच. रबराची उंची घटली, की धक्का सरळ पाठीच्या कण्यात.

आता डोलणे. इथे शॉकअब्सॉर्बर या नावानेच आपली फसगत केली आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार; ती उसळी जिरवण्याचे काम शॉकअपचे. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. त्या छिद्रांतून तेल जाताना उसळीची शक्ती उष्णतेत खर्च होते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत निघत राहिलेल्या अँबॅसिडरला मागे पोलादी पाट्यांची कमान असे; पाटे एकमेकांवर घासत आणि काही उसळी तिथेच जिरे. आजच्या गुंडाळ स्प्रिंगला ती सोय नाही. तेल गळून गेले तर चाक रस्त्यावरून उचलले जाते, आणि उचललेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? म्हणून हा प्रश्न केवळ बसणाऱ्याच्या सुखाचा नाही, समोरून रस्ता ओलांडणाऱ्या पोराचाही आहे.

घरी तपासायचे तर गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीन झोके खाल्ले तर शॉकअप गेला. ही परीक्षा पास झाली म्हणजे शॉकअप चांगलाच असे मात्र नव्हे. त्याच्या अंगावर तेलाचे ओघळ आहेत का तेही पाहावे, आणि टायरवरून तळहात फिरवावा. ठिकठिकाणी खोलगट लागले तर चाक नाचत होते, हे टायरच सांगतो. शॉकअप बदलायचा तर एका धुरीवरचे दोन्ही बदलावेत.

पुष्कळदा शॉकअप निर्दोष असतो. लहान खड्ड्यावर पुढून खट्खट् आवाज येतो तो लिंक रॉडचा, किंवा खालच्या आर्मच्या फाटलेल्या रबरी बुशाचा. बूश ही किरकोळ वस्तू. पण फाटला आहे हे ओळखायला गाडी उचलावी लागते, पहार घालून सांधे हलवून पाहावे लागतात, अर्धा तास जातो. आमचे म्हणणे या अर्ध्या तासाविषयी आहे. डॉक्टरने नाडी पाहिली की आपण निमूट पैसे देतो. मिस्त्रीला मात्र, 'नुसते पाहिलेस, त्याचे कसले पैसे?' असे विचारतो. मग तो काय करील? त्याची मजुरी सामानातून निघते, म्हणून तो सामान विकतो. स्वस्त बुशाऐवजी महागड्या शॉकअपची जोडी आपल्या गळ्यात पडते, त्यात निम्मा दोष आपल्या घासाघिशीचा असतो. तपासणीची मजुरी आधी ठरवा, ती वेगळी द्या, मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच खराब रस्त्यावरून फेरी मारा, काढलेला भाग हातात घेऊन पाहा.

रस्त्याचाही एक शब्द. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप घालून दिले आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीतले डांबराचे ढेकूळ मोजून पाहा आणि नगरपालिकेला लिहा.

शेवटी, गाडी खाली जे हात काम करतात त्यांच्याविषयी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही शिरू देऊ नका. खाली लोखंडी घोडी लागलीच पाहिजे. पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग दाबून बांधलेली असते, तिची वरची नट दाबयंत्र न लावता सोडली तर ती बंदुकीसारखी सुटते. 'लवकर कर रे' म्हणून घाई करण्यापूर्वी त्या गॅरेजात घोडी आणि दाबयंत्र आहे का, एवढे विचारा. नसेल तर गाडी दुसरीकडे न्या, आणि का नेली ते मालकाला सांगा.