कंपवात आणि श्रमाचा व्यायाम

कंपवाताचें निदान झालें कीं घरांत प्रथम एक गोष्ट घडते. वडीलधाऱ्या माणसाच्या हातून एकेक काम काढून घेतलें जातें. चहा हिंदकळतो म्हणून सून पेला अर्धाच भरते. सदऱ्याचीं बटणें मुलगा लावतो. भाजी आणण्याचें काम नातवाकडे जातें. आणि ‘आतां आपण स्वस्थ बसावें’ असा प्रेमळ आग्रह चारी बाजूंनीं सुरू होतो. ह्या आग्रहामागील माया खोटी नसते. परंतु अलीकडील संशोधनाचा कौल असा आहे कीं, ही स्वस्थता रुग्णाला मानवत नाहीं. ती मानवते रोगाला.

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन ह्यांनीं १८१७ सालीं एक लहानसा निबंध लिहून ह्या रोगाचें वर्णन केलें. त्यांच्यापाशीं अवघ्या सहा रुग्णांचा आधार होता, आणि त्यांतील कांहींना तर त्यांनीं केवळ रस्त्यांत पाहिलें होतें. हातांचा कंप, पुढें झुकलेलें शरीर, आंखूड व घाईचीं पावलें हीं त्यांनीं टिपलेलीं लक्षणें आजही वैद्य तशींच ओळखतात. पुढें पॅरिसचे विख्यात वैद्य शार्को ह्यांनीं रोगाला पार्किन्सन ह्यांचें नांव दिलें. शार्को ह्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा, खडखडाटाचा प्रवास करून आलेल्या रुग्णांना कांहीं काळ बरें वाटे. तेव्हां त्यांनीं एक हादरे देणारी खुर्ची करविली व १८९२ मध्यें आपल्या व्याख्यानांत त्या उपायाचें विवेचन केलें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणींत मात्र हादरे देणारी खुर्ची आणि तशीच, पण हादरे न देणारी खुर्ची ह्यांचा गुण जवळजवळ सारखाच ठरला. खुर्चीनें माणसाला हलविणें निराळें आणि माणसानें स्वतः श्रम करणें निराळें.

हा रोग होतो कसा? मेंदूच्या खालच्या भागांत काळसर पेशींचा एक लहान पुंजका असतो. ह्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करतात, आणि त्याच्या योगें शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. रोगांत ह्या पेशी हळूहळू नष्ट होतात. १९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व होर्निकेविच ह्या शास्त्रज्ञांनीं मृत रुग्णांच्या मेंदूंत ह्या द्रव्याचा तुटवडा असल्याचें दाखवून दिलें, आणि त्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हें औषध प्रचारांत आलें. आजही तेंच उपचाराचा मुख्य आधार आहे. परंतु तें द्रव्याची उणीव भरून काढतें. पेशींचा ऱ्हास त्यानें थांबतो असें सिद्ध झालेलें नाहीं. रोगाची चाल मंदावील असा उपाय वैद्यकाला हवा आहे, आणि त्याच शोधांत संशोधकांचें लक्ष व्यायामाकडे वळलें.

त्याला एक निमित्त घडलें तें २००३ सालीं. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत दर उन्हाळ्यांत हजारो लोक सायकलीवरून सारा प्रांत ओलांडतात. त्या वर्षीं जे अल्बर्ट्स नांवाचे संशोधक दोघांनीं मिळून चालवावयाच्या सायकलीवर पुढें बसले होते, आणि मागें पार्किन्सनची एक रुग्ण स्त्री होती. अल्बर्ट्स वेगानें पायटे मारीत. साखळीनें दोन्ही पायटे जोडलेले, त्यामुळें त्या बाईंनाही त्याच वेगानें पाय चालवावे लागत. कांहीं दिवसांनीं त्यांनीं एका शुभेच्छापत्रावर मजकूर लिहिला, तेव्हां त्यांचें बारीक व आक्रसलेलें अक्षर पुष्कळ सुधारलेलें दिसलें. व्यायाम झाला होता पायांचा, आणि सुधारले होते हात! ह्याचा अर्थ असा कीं, श्रमाचा परिणाम स्नायूंपुरता न राहतां मेंदूपर्यंत पोंचत असावा. पुढें अल्बर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दहा रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग करून २००९ सालीं त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले.

परंतु दहा माणसांवरून शास्त्र ठरत नाहीं. अधिक कसोशीची परीक्षा अमेरिकेंतच झाली व तिचा अहवाल २०१८ सालीं छापून आला. तींत ४० ते ८० वर्षें वयाचे १२८ रुग्ण होते. त्यांचा रोग नवा होता व त्याचीं औषधें अद्याप सुरू झालेलीं नव्हतीं. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटानें चालत्या पट्ट्यावर इतक्या वेगानें चालावयाचें कीं हृदयाचे ठोके आपल्या कमाल मर्यादेच्या शेंकडा ८० ते ८५ पर्यंत जावेत. दुसऱ्यानें शेंकडा ६० ते ६५ वर राहावयाचें. तिसऱ्यानें आपला नेहमींचा क्रम चालूं ठेवावयाचा. ह्या आंकड्यांचा अर्थ घरगुती हिशेबानें समजून घेतां येतो. २२० मधून वय वजा केलें कीं कमाल ठोक्यांचा स्थूल अंदाज येतो. साठ वर्षांच्या माणसाची मर्यादा सुमारें १६०. तेव्हां पहिल्या प्रकारांत ठोके मिनिटाला १२८ ते १३६ आणि दुसऱ्यांत ९६ ते १०४ होतील. पहिल्या प्रकारांत घाम फुटतो, धाप लागते, आणि दोनचार शब्दांपलीकडे बोलवत नाहीं.

सहा महिन्यांनीं हालचालींची तपासणी झाली. ह्या तपासणींत दोष जितका अधिक तितका अंक मोठा. नेहमींच्या क्रमानें राहिलेल्यांचा अंक सरासरीनें ३.२ नें वाढला. मध्यम चालीनें चालणाऱ्यांचा २ नें. आणि वेगानें चालणाऱ्यांचा अवघा ०.३ नें. म्हणजे ज्यांनीं घाम गाळला त्यांचा रोग सहा महिने जवळजवळ जागच्या जागीं राहिला. मध्यम चालीचा लाभ मात्र निश्चितपणें सिद्ध झाला नाहीं. विशेष हें कीं, ठरले होते आठवड्याला चार दिवस, परंतु वेगानें चालणाऱ्यांकडून सरासरीनें तीनही पुरे भरले नव्हते.

२०१९ सालीं हॉलंडमधून दुसरी साक्ष आली. तेथें १३० रुग्णांपैकीं निम्म्यांना घरींच स्थिर सायकल दिली व पडद्यावरील खेळांची जोड देऊन ती आठवड्यांतून तीन वेळां चालवावयास सांगितली. उरलेल्यांनीं केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले. सहा महिन्यांनीं औषधाचा अंमल उतरलेला असतां तपासणी केली, तेव्हां सायकल चालविणारांची प्रकृति दुसऱ्या गटापेक्षां सुमारें चार अंकांनीं कमी खालावलेली आढळली. व्यायामशाळा नसली तरी घरींही हें साधतें, हा त्या प्रयोगाचा मोठा धडा होय.

ह्यावरून भलती आशा मात्र बाळगूं नये. व्यायामानें कंपवात बरा होत नाहीं. हे प्रयोग सहा महिन्यांचे होते. पेशींचा ऱ्हास प्रत्यक्षांत थांबतो कीं काय, हें त्यांवरून ठरत नाहीं. अधिक रुग्णांवर व अधिक काळ चालणारी परीक्षा त्यासाठींच २०२० सालीं अमेरिकेंत आरंभिली गेली. औषधाची एकही मात्रा व्यायामाच्या भरंवशावर स्वतःच्या मनानें कमी करणें धोक्याचें आहे. शिवाय ह्या रोगांत उभें राहतांना रक्तदाब एकदम उतरूं शकतो, तोल जातो, चालतां चालतां पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. म्हणून आरंभीं वैद्याकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. औषधाचा अंमल चांगला असेल ती वेळ निवडावी. थोड्यापासून आरंभ करून आठवड्यागणिक वेग वाढवावा. ज्याला पडण्याचें भय आहे त्यानें रस्त्यावर धावण्यापेक्षां स्थिर सायकल बरी, आणि जवळ कोणीतरी असावें.

सकाळीं बागेंत दोन फेऱ्या मारून बाकावर गप्पा मारीत बसणें मनाला हितकर खरें. परंतु त्या फेरफटक्याला हा व्यायाम म्हणतां येणार नाहीं. येथें श्रमाचें माप लागतें, आणि तें माप ठेवण्याचें काम घरच्या माणसांचें आहे. रोगी अनेकदां उदास असतो, आरंभ करण्याची इच्छाच त्याच्या मनांत उठत नाहीं. तें आळसाचें लक्षण नसून बहुधा रोगाचेंच अंग असतें. अशा वेळीं मुलानें घड्याळ हातीं घेऊन सायकलीपाशीं उभें राहावें, सुनेनें किती मिनिटें झालीं त्याची वहींत नोंद करावी, नातवानें पायट्यांचे फेरे मोजावे. व्यायाम संपल्यावर सदऱ्याचीं बटणें वडिलांनीं स्वतःच लावावीं. पांच मिनिटें लागतील, दहा लागतील. तेवढा वेळ घरानें थांबावें.