आजोबांची बारा बोअर आणि तिच्यात घालायचं काडतूस

आजचा विषय थोडा वेगळा आहे. सानगडीपासून नवेगावबांधपर्यंतचा आपला पट्टा म्हणजे धान, बोड्या, मालगुजारी तलाव आणि लागूनच जंगल. त्यामुळे इकडच्या काही जुन्या घरांत एक दुनळी बंदूक असतेच. कधी तलावावर बदकं मारायला घेतलेली, कधी धानातली रानडुकरं हाकलायला. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली, पण बंदूक राहिली. आता ती नातवाच्या नावावर होते, आणि नातू फोनवर अमेरिकेतल्या माणसाला टेबलावर बसून काडतुसं भरताना बघतो. मग विचारतो, "आपण काहून नाही भरू शकत जी?"

कायद्याचं आधी उरकून घेतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसतं काडतूस नाही, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नाही. विनापरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, वरची मर्यादा जन्मठेप. तेव्हा घरी भरायचा विषय इथंच संपला. पण काडतुसात काय काय असतं आणि जुन्या बंदुकीला त्यातलं काय चालतं, हे विकत घेणाऱ्यालाही कळलंच पाहिजे. कारण नळी फुटते तेव्हा तिच्याखाली आपलाच डावा हात असतो.

काडतुसात पाच गोष्टी. मागे प्रायमर, म्हणजे आपल्या भरमारच्या भाषेत टोपी. मग दारू. तिच्यावर बोळा, त्याला वॉड म्हणतात. मग छर्रे. आणि हे सगळं धरून ठेवणारी नळकांडी, जी आधी पितळेची असायची, मग कागदाची आली, आता प्लास्टिकची असते.

लोक सगळ्यात आधी दारूचं विचारतात. माझ्या मते सुरुवात बंदुकीपासून करायची. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो नळीचा. साधारण १८.५ मिलीमीटर. हे सगळ्या बारा बोअरला सारखं. पण काडतूस जिथं बसतं त्या घराची लांबी सारखी नसते. जुन्या विलायती बंदुकांत ती बहुतेक अडीच इंच, म्हणजे ६५ मिलीमीटर. आजची बरीच काडतुसं ७० ची.

आता गंमत बघा. ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं! बंदूक बंद होते, काही अडत नाही. कारण डब्यावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावरची असते, तोंड उघडल्यावरची. भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असतं, म्हणून आखूड. बार झाला की ते तोंड पुढे उघडतं, आणि तिथं नळी अरुंद व्हायला लागलेली असते. छर्रे आणि बोळा त्या चिंचोळ्या जागेतून रेटले जातात, दाब वाढतो. नव्या जाड नळीचं एक वेळ निभावेल. शंभर वर्षांच्या, आतून गंजाचे खड्डे पडलेल्या नळीचं काय सांगावं?

आता दारू. काळी दारू आणि बिनधुराची नाइट्रो, दोघींचा स्वभाव वेगळा. काळी दारू कमी दाबात काम करते, धूर आणि काजळी भरपूर, आणि ती काजळी ओल धरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात नळी त्याच दिवशी धुतली नाही तर गंज ठरलेला. नाइट्रो थोडी लागते, पण जितकी कोंडली जाईल तितकी जोरात जळते. काही डब्यांवर 'ड्रॅम' लिहिलेलं असतं. तो आकडा काळ्या दारूच्या तुलनेतला आहे, आतल्या नाइट्रोचं वजन नाही. तेवढी नाइट्रो तोलून भरली तर नळी उघडीच होणार.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळ्या दिसायला सुंदर असतात, पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी. त्यातल्या बऱ्याच काळ्या दारूवरच तपासलेल्या. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून नळ्या तपासून शिक्का मारतं. नळीच्या बुडाशी 'एनपी' किंवा 'नायट्रो प्रूफ' दिसलं तर नाइट्रोची तपासणी झालेली आहे. पण कधी झाली? त्यानंतर नळी कितीदा घासली, किती पातळ झाली, ते शिक्का सांगत नाही.

आणि ही पाचही अंगं एकमेकांत गुंतलेली आहेत. घरात जिरं नाही म्हणून मोहरी टाकली तर भाजी होते. इथं तसं नाही. दारू तीच, वजन तेच, पण नमद्याच्या बोळ्याऐवजी प्लास्टिकचा टाकला तर तो वायू जास्त घट्ट अडवतो, दाब वाढतो. प्रायमर जरा गरम निघाला, दाब वाढतो. छर्रे जड झाले, दाब वाढतो. पितळी नळकांडी पातळ असते, आतून रुंद, म्हणून तिला बोळाही मोठा लागतो. कागदी काडतुसाचा बोळा तिच्यात सैल बसतो. छर्रे शिशाचेच हवेत. पोलादी छर्रे कडक असतात, जुन्या नळीच्या तोंडाशी असलेली चोकची अरुंद जागा त्यांनी फुगते. म्हणून दाब मोजायच्या प्रयोगशाळेत तपासलेला मेळ जसाच्या तसा घ्यायचा असतो. फोनवरच्या माणसाकडे ती पुस्तकं असतात. व्हिडिओत ती दिसत नाहीत, एवढंच.

दारू किती गंभीर चीज आहे हे भंडाऱ्याला कोणी सांगायची गरज नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत हेच काम चालतं. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला, कामगार गेले. तिथं तर रोज तेच काम करणारी माणसं होती.

मग करायचं काय? परवाना तुमच्या नावावर असेल तर बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या. घराची लांबी, नळीची जाडी, आतले खड्डे, सांध्याचा ढिलेपणा मोजून घ्या. तो ६५ म्हणाला तर ६५ चीच काडतुसं, हलक्या भाराची. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' घ्या नाहीतर दुसरी कुठली, डब्यावरची लांबी आणि छर्ऱ्यांचं वजन वाचूनच घ्या. नळी काळ्या दारूपुरतीच निघाली तर ती बंदूक चालवायचा विचार सोडा.

आजोबा गेले आणि परवाना अजून तुमच्या नावावर नाही, तर बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची असते. सोबत पेटीतली जुनी कागदी काडतुसंही काढा. ओलीनं फुगलेली, बुडाला हिरवा थर आलेली असतील. ती उघडून बघू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत तर अजिबात नाही. ठाण्यात आधी फोन करा, काय आहे ते सांगा, आणि ते सांगतील तसं नेऊन द्या.