अंगठा देण्याआधी
(मेहकर येथे आदिवासी कल्याणकार्यात हातभार लावणाऱ्या मंडळीच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा जवळ आला की आपल्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. कोणी ऊसतोडीसाठी माणसे बघतो, कोणी वीटभट्टीसाठी. घरात आजारपण असते, लग्नाचे देणे असते, सोयाबीनने दगा दिलेला असतो. मुकादम उचल देतो आणि एका कागदावर अंगठा घेतो. कागदात काय लिहिले आहे हे त्या कुटुंबाला ठाऊक नसते. पुढे हिशेब जुळला नाही की एकच वाक्य ऐकू येते, "तू अंगठा दिला आहेस, आता सुटका नाही."

हे वाक्य खरे आहे का? आज मला एवढेच सांगायचे आहे. त्यासाठी करार म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ.

आपला करार कायदा 1872 चा आहे. त्या वर्षी 1 सप्टेंबरपासून तो लागू झाला आणि मोठ्या प्रमाणात आजही तोच चालतो. त्याचे मूळ साधे आहे. एकाने काही देऊ केले, दुसऱ्याने ते मान्य केले आणि दोघांनीही एकमेकांसाठी काही द्यायचे वा करायचे ठरवले, म्हणजे कराराचा पाया झाला. या देवाणघेवाणीला कायद्यात प्रतिफल म्हणतात. पाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा बहुधा कागद नसतो. वर्षाचे काम, इतके रुपये, इतके धान्य, असे तोंडी बोलणे होते. तोही करारच असतो. तेव्हा कागद हा कराराचा पुरावा असतो. करार घडतो तो दोन माणसांच्या होकारातून.

मात्र प्रत्येक होकार कायद्याला चालत नाही. त्याच्या काही अटी आहेत.

पहिली अट, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली असली पाहिजे. समजा, एका जोडप्याला मुकादमाने पन्नास हजार मोजून दिले आणि कागदावर ऐंशी हजार लिहिले. त्यांचा होकार पन्नास हजारांना होता. ऐंशी हजारांचा करार त्यांनी केलेलाच नाही. पण हे कोर्टात दाखवायचे कसे? पैसे मोजताना कोणी साक्षीला होते का, यावर सगळे अडते.

दुसरी अट वयाची. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला करार करता येत नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली दिला आणि तोच नियम आजही पाळला जातो. म्हणून पंधरा वर्षांच्या पोराचा अंगठा कागदावर असला तरी तो त्याला बांधत नाही.

इथे आपल्या बहिणींविषयीही बोलले पाहिजे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल घेतो नवरा, काम ठरते दोघांचे. पण बायको ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिला न विचारता नवऱ्याने दिलेला शब्द आपोआप तिचा होत नाही. बोलणी चालू असताना तिला चुलीपाशी न ठेवता समोर बसवले पाहिजे.

तिसरी अट सर्वांत मोठी आहे, मोकळ्या मनाने दिलेली संमती. धाक घालून, फसवून किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती मोकळी नसते. ज्याची संमती अशी घेतली, त्याला तो करार रद्द करून घेता येतो. कायदा आणखी एक गोष्ट ओळखतो. एकाचा दुसऱ्यावर इतका वरचष्मा असतो की समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. अशा स्थितीचा फायदा घेऊन केलेला व्यवहार उघड अन्यायाचा दिसला, तर गैर दबाव आणला नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी वरचढ माणसावर येते.

कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार पाहावा, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुढे हे लोण इतर गावांत पसरले. लोकांचा रोख मुख्यतः कर्जाच्या कागदांवर होता. ते त्यांनी जाळले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचे काम कोर्टावर आले.

आता त्या वाक्याकडे येऊ. करार खरा आहे आणि मजुराने तो मोडला, तर काय होते? एके काळी याचे उत्तर भयंकर होते. 1859 च्या एका कायद्याप्रमाणे आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकता येई. तो कायदा रद्द करण्याचा निर्णय 1925 मध्ये झाला. आज नुसता करार मोडला म्हणून कोर्ट पैशाची भरपाई देववते, माणसाला बळजबरीने कामावर पाठवत नाही. भरपाईही वाजवीच मिळते. "पळालो तर दुप्पट भरीन" असे लिहून घेतले म्हणून दुप्पट मिळेलच असे नाही.

उचलीच्या बदल्यात माणसाला कोंडून ठेवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, ही तर वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्याने ती बंद झाली असून, वेठबिगारी ठरल्यास ते कर्जच संपते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितले. म्हणून "सुटका नाही" हे वाक्य खोटे आहे. देणे राहू शकते, माणूस गहाण राहत नाही.

जमिनीची गोष्ट आणखी वेगळी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, गहाण टाकायची किंवा ठोक्याने द्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीला शासनाची पूर्वमंजुरीही लागते. दोघे राजी असले तरी नुसता स्टँप पेपर इथे पुरत नाही.

बंधुभगिनींनो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याबरोबर निघून जाणे हा न्याय नाही. मुकादमही पुष्कळदा पुढून कर्ज घेऊन आलेला गरीब माणूस असतो. सरळपणे दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. हे आपण आपल्या माणसांना सांगितले, तरच त्यांच्या बाजूने बोलायचा आपल्याला हक्क राहील.

मग आपण करायचे काय? यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत विकत घेतले तो प्रसंग आठवा. त्याने साक्षीदारांसमोर रुपे तोलून दिले. खरेदीखताची एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितल्या. आपल्यालाही एवढेच करायचे आहे.

ज्याला वाचता येते त्याने करार होताना त्या कुटुंबाशेजारी बसावे. कागद मोठ्याने, त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. उचल किती, टनामागे दर किती, परत कधी यायचे, आजारी पडल्यास काय, हे चार प्रश्न विचारावेत. पैसे साक्षीने मोजावेत. कागदाची एक प्रत, निदान मोबाईलवर फोटो, कुटुंबाकडे राहू द्यावा. कोऱ्या कागदावर अंगठा नको आणि कोऱ्या चेकवर सही तर मुळीच नको, कारण चेक वटला नाही तर प्रकरण फौजदारी होते.

वाद झालाच तर वकिलाच्या फीची चिंता नको. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

आपण या कार्याला धान्य देता, कपडे देता, वर्गणी देता. त्याबद्दल आभार आहेतच. या दसऱ्याला आणखी एक गोष्ट मागतो, आपली एक संध्याकाळ. चष्मा बरोबर घ्या, आणि एखाद्या अंगणात जाऊन एक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा.