पेसमेकर बसविल्यानंतरचे दैनंदिन जीवन

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हृदयविकाराविषयी अधिकारवाणीने बोलावे ते डॉक्टरांनी. मी एक शिक्षक; आणि आज बोलणार आहे तो केवळ रुग्ण या नात्याने. माझ्या छातीच्या त्वचेखाली, डाव्या खांद्यालगत, पेसमेकर बसविल्याला चार वर्षे झाली.

आपल्या हृदयात ठोक्यांचे संकेत निर्माण करणारे एक नैसर्गिक केंद्र असते. विश्रांतीच्या वेळी हृदयाचे मिनिटाला साधारणतः ६० ते १०० ठोके पडतात. हे संकेत मंदावले किंवा वाटेत अडले, म्हणजे भोवळ येते, प्रसंगी शुद्ध हरपते. पेसमेकर या ठोक्यांवर लक्ष ठेवतो आणि जेथे उणीव पडेल तेथे सूक्ष्म विद्युत्‌संकेत देऊन ती भरून काढतो.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये डॉ. आके सेनिंग यांनी अर्ने लार्सन यांच्या शरीरात असे यंत्र प्रथम बसविले. अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केलेले ते यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु प्रयत्न थांबले नाहीत. लार्सन यांना आयुष्यात एकूण २६ पेसमेकर लागले आणि २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

यंत्र इतके भरवशाचे झाले. भीती मात्र तशीच राहिली. मी घरी परतलो तेव्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकताच सूनबाई मिक्सर बंद करीत. मी स्वतःही डावा हात दोन महिने छातीशी धरून बसलो आणि खांदा आखडून घेतला. डॉक्टरांनी कानउघाडणी केली. तारा स्थिरावेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, हात खांद्याच्या वर नेऊ नये व जड ओझे उचलू नये, हे खरे. पण हाताची हलकी हालचाल चालू ठेवलीच पाहिजे.

मिक्सर, दूरदर्शन संच, पंखा यांपासून भय नाही. मोबाईल छातीवरच्या खिशात ठेवू नये. विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे. वेल्डिंगचे काम डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. धातुशोधक दारातून न रेंगाळता जावे आणि पेसमेकरचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे. शेतकरी बांधवांनी विद्युतपंपाचे अर्थिंग नीट करून घ्यावे. पुन्हा भोवळ आली, अथवा यंत्राच्या जागी सूज वा लाली दिसली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. तपासणीची तारीख चुकवू नये. बॅटरी क्षीण होत असल्याचे तेथेच वेळीच कळते.

खरी अडचण मला शाळेत जाणवली. रुजू झालो तर सहकाऱ्यांनी माझे वर्ग आपसांत वाटून घेतलेले. “गुरुजी, आपण स्वस्थ बसा,” असे जो तो म्हणे. त्यांचा हेतू चांगला होता. पण आपल्याच शाळेत मी पाहुणा झालो. अखेर डॉक्टरांचे प्रमाणपत्र मुख्याध्यापकांपुढे ठेवले, तेव्हा कुठे सातवीचा वर्ग परत मिळाला. त्या दिवशी खडू हाती घेतला आणि आपण बरे झालो असे मला प्रथमच वाटले.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आपल्या कार्यालयात, शाळेत वा गावात असा कोणी असेल, तर त्याला काय झेपेल हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. दयेपोटी त्याचे काम काढून घेऊ नये.

जाता जाता एक अप्रिय, पण आवश्यक गोष्ट सांगतो. अशा व्यक्तीचे निधन झाल्यास दहनापूर्वी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण अग्नीत त्याचा स्फोट होतो. हे माझ्या मुलांना मी सांगून ठेवले आहे. ग्रामपंचायतींनी ही माहिती गावात अवश्य द्यावी.