मत्स्यन्याय आणि प्रयोगशाळा

(प्राणिशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



राजदंड कशासाठी हवा, हे सांगताना कौटिल्याने मत्स्यन्यायाचा दाखला दिला आहे. दंड धारण करणारा कोणी नसेल, तर मोठा मासा जसा लहान माशाला गिळतो, तसा बलवान दुर्बलाला गिळून टाकतो. हा दाखला मानवी समाजासाठी होता. परंतु प्रयोगशाळेतील काचेच्या टाकीसमोर उभे राहिले की तो अक्षरशः लागू पडतो. तेथे मोठ्या माशाची भूमिका माणसाकडे आलेली असते. त्याच्या सामर्थ्यावर मर्यादा कोणती, हाच आजचा विषय आहे.

गंगेचा मासा, जगाचे संशोधन

आज जगभरच्या संशोधनात मानाचे स्थान मिळवलेला झेब्राफिश हा मूळचा आपल्या उपखंडातील. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओहोळांत व भातखाचरांत आढळणारा, बोटाच्या पेराएवढा हा पट्टेरी मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी निवडले. त्याचा गर्भ मातेच्या शरीराबाहेर वाढतो आणि पारदर्शक असतो, त्यामुळे हृदय कसे घडते हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. २०१३ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्या ठायी जोड सापडते, असे दिसून आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर मोलाचे काम झाले आहे.

हे संशोधन थांबवा, असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. कर्करोग, हृदयविकार आणि औषधांचे दुष्परिणाम समजून घेण्यास त्याचा हातभार लागतो. परंतु ज्या जीवाकडून एवढे घ्यायचे, त्याला काय भोगावे लागते याची चौकशी करणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

मुका म्हणजे वेदनारहित नव्हे

मासा ओरडत नाही, त्याच्या मुद्रेवर भाव उमटत नाहीत. म्हणून त्याला वेदना नसावी असा समज दीर्घकाळ रूढ होता. माशाच्या मेंदूत माणसासारखे बाह्यक नसल्यामुळे त्याला वेदनेची जाणीव होणे शक्य नाही, असा युक्तिवाद जेम्स रोज यांनी २००२ साली मांडला. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशावरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे त्यांना आढळले. ओठात मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेल्या माशांचा श्वसनवेग वाढला. ते अंग डोलवू लागले आणि अन्नाकडे दीर्घकाळ फिरकले नाहीत. आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. वेदनाशामकाने जे शमते, ते काय असावे, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे.

कवचधारी प्राण्यांचा प्रश्न याहून अवघड. बेलफास्ट येथील रॉबर्ट एलवूड यांनी रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य धक्के दिले. कमी पसंतीच्या शंखातील खेकडे तो लवकर सोडून गेले. आवडता शंख मिळालेले मात्र चिकटून राहिले. केवळ आंधळी प्रतिक्रिया असती, तर दोघांची वागणूक सारखीच असायला हवी होती. येथे खेकडा काय गमवायचे आणि काय सोसायचे याची तुलना करत होता, असे मानण्यास जागा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासगटाने २०२१ साली तीनशेहून अधिक शोधनिबंध तपासून खेकडे, शेवंडे आणि कोळंबी यांना संवेदनशील मानावे, अशी शिफारस केली. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने ती स्वीकारली. प्राणिप्रयोगांविषयीच्या तेथील १९८६ च्या कायद्याची कक्षा मात्र त्याने वाढवली नाही. खेकडा प्रयोगशाळेच्या दारातच राहिला.

भारतीय कायद्याची व्यापक दृष्टी

या बाबतीत भारताने कोणाकडून धडे घेण्याचे कारण नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरवले असून, ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केली आहे. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून हा विषय लावून धरला आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यातील प्राण्याची व्याख्या लक्षणीय आहे: माणसाव्यतिरिक्त कोणताही सजीव प्राणी. या शब्दांत मासा येतो आणि चिंबोरीही येते. सर्व प्राणिमात्रांविषयी करुणा हे राज्यघटनेच्या कलम ५१-अ नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे.

शब्द व्यापक आहेत. आचरण तितके व्यापक आहे काय? खेकड्याच्या डोळ्यांच्या देठांत त्याची वाढ आणि प्रजनन रोखून धरणारी संप्रेरके असतात. ते देठ कापून परिणाम पाहण्याचे प्रयोग आपल्या विद्यापीठांत अनेक दशके होत आले. त्या जागी बधिरता आणणारे औषध लावल्यास प्राण्याची तडफड कमी होते, हे कोळंबीवरील अभ्यासांतून दिसले आहे. हे साधे औषध किती टेबलांवर ठेवलेले असते, हे प्रत्येक विभागाने स्वतः तपासावे.

लहान जीव म्हणजे पर्याय नव्हे

रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली पर्याय, कपात आणि परिष्कार ही त्रिसूत्री मांडली. प्राण्याशिवाय भागते का ते पाहावे. भागत नसेल तर कमीत कमी प्राणी वापरावेत. आणि वापरताना यातना कमी कराव्यात. व्यवहारात मात्र कुत्र्याऐवजी उंदीर आणि उंदराऐवजी मासा वापरला की पर्याय साधला, असे मानण्याचा मोह होतो. त्यात यातना एका जीवाकडून दुसऱ्याकडे सरकते. मासा लहान असल्यामुळे संख्या वाढते, हा धोका निराळाच.

खरा पर्याय उपलब्ध आहे. रसायनांची विषारीपणाची चाचणी म्हणजे शेकडा पन्नास मासे मरेपर्यंत मात्रा वाढवत पाहणे, अशी रूढ पद्धत होती. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१३ साली माशांच्या गर्भावरील, तर २०२१ साली माशाच्या कल्ल्यांपासून वाढवलेल्या पेशींवरील चाचणीला मान्यता दिली.

कोणी विचारील, ताटात सुरमई चालते, मग काचेतील माशाचा एवढा विचार कशाला? भोजनाचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तोही ज्याने त्याने सोडवावा. प्रयोगातील जीव मात्र जाणूनबुजून जिवंत ठेवून इजेला सामोरा नेला जातो, आणि तेही ज्ञानाच्या नावाने. ज्ञानाचे नाव घेतले की उत्तरदायित्व वाढते.

म्हणून प्रत्येक प्रयोगापूर्वी तीन प्रश्न फळ्यावर लिहिले जावेत. हे उत्तर आधीच कोणी शोधलेले नाही ना? इतके जीव खरोखर लागतात का? भूल, पाण्याची शुद्धता आणि थव्याची सोबत यांची व्यवस्था झाली आहे का? झेब्राफिश हा थव्याने राहणारा जीव. त्याला एकटा कोंडणे हीदेखील इजाच होय.

शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला चिमुकला मासा रक्षणाची याचना करतो. मनू त्याला घटात, मग खळग्यात आणि शेवटी समुद्रात सोडतो. पुढे प्रलयात तोच मासा मनूची नौका तारतो. आज संशोधकाच्या हाती आलेला मासा उद्या माणसाच्या व्याधी दूर करील अशी अपेक्षा आहे. मनूने आधी रक्षण केले, तारण नंतर लाभले. हा क्रम विज्ञानानेही सोडू नये.