पलटणीच्या पेन्शनचा हिशेब

(फेडरेशनच्या अभ्यास शिबिरात मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘फौजी निवृत्तिवेतन’ हा विषय पाहून काही साथींनी आम्हाला सकाळीच विचारले, ‘आपण रेल्वेचे आणि टपालाचे कामगार. पलटणीच्या पेन्शनशी आपला संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. पण या मांडवात इटारसीपासून हुबळीपर्यंतचे साथी बसले आहेत. त्यात बेळगावच्या मराठा सेंटरमधून किंवा सागरच्या महार सेंटरमधून निघून पंधरा-वीस वर्षे बंदूक खांद्यावर वागवलेले आणि मग आपल्या खात्यात आलेले किती तरी जण आहेत. केंद्र सरकारच्या गट ‘क’ च्या जागांत माजी सैनिकांसाठी १० टक्के आणि पूर्वीच्या गट ‘ड’ मध्ये २० टक्के राखीव जागा असतात. त्या वाटेने आलेला पॉइंट्समन, ट्रॅकमन, पोस्टमन हा आपला सभासद आहे. त्याच्या घरात दोन नोकऱ्यांचे कागद असतात, आणि दोन्हींचा हिशेब त्याला नीट सांगणारा बहुधा कोणी भेटत नाही. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. पेन्शन ही मेहेरबानी नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात हे मान्य केले. तो दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो. पण हक्क मागायचा तर तो किती, हे आधी ठाऊक हवे. आकडा माहीत नसलेला माणूस खिडकीवर जाऊन फक्त विनंती करतो. आकडा माहीत असलेला मागणी करतो.

आता हिशेबाकडे वळू. फौजी पेन्शनसाठी जवानाची सेवा किमान १५ वर्षे व्हावी लागते, अधिकाऱ्याची २० वर्षे. पूर्वी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षांची अट होती. १ जानेवारी २००६ पासून ती गेली. आज किमान सेवा पूर्ण झालेल्याला शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन बसते. या वेतनात मूळ वेतन, सैनिकी सेवा वेतन, आणि लागू असल्यास एक्स गट वेतन व वर्गीकरण भत्ता धरतात. सैनिकी सेवा वेतन जवान ते सुभेदार मेजरपर्यंत सर्वांना महिना ५,२०० रुपये आहे. बाकीचे भत्ते पेन्शनच्या हिशेबात येत नाहीत.

वही असेल तर लिहून घ्या. समजा एक हवालदार ३१ मार्च २०२५ रोजी २० वर्षे सेवा करून सुटला. वय ३९. मूळ वेतन ३७,००० धरू. त्यात ५,२०० मिळवले की ४२,२०० झाले. निम्मे म्हणजे २१,१०० रुपये मूळ पेन्शन.

पुढचा प्रश्न कम्युटेशनचा, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याचा. आपल्याला नागरी सेवेत ४० टक्क्यांपर्यंत विकता येते. फौजेत ५० टक्क्यांपर्यंत. हवालदाराने निम्मी, म्हणजे १०,५५० रुपये विकली. ही रक्कम १२ ने आणि वयाप्रमाणे तक्त्यात दिलेल्या आकड्याने गुणायची. चाळिशीच्या आसपास तो आकडा नऊच्या थोडा वर असतो. आपण ९ धरू. हातात येतात सुमारे ११ लाख ३९ हजार रुपये.

रक्कम मोठी दिसते. पण पंधरा वर्षे महिना १०,५५० कापले जाणार, त्यांची बेरीज १८ लाख ९९ हजार होते. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू होते. ही मुदत बारा वर्षांवर आणा, ही आपल्या संघटनांची जुनी मागणी आहे, आणि ती का आहे हे या दोन आकड्यांतच दिसते. आम्ही कम्युटेशन घेऊ नका म्हणत नाही. घर बांधायचे असेल, सावकार फेडायचा असेल, तर जरूर घ्या. पण ते बक्षीस समजून घेऊ नका. आपलेच उद्याचे पैसे आज घेतलेले असतात. मोटारसायकलीसाठी आणि लग्नाच्या मांडवासाठी ते उडवू नका.

इथे बरेच जण चुकतात, म्हणून ध्यानात ठेवा. निम्मी पेन्शन विकली तरी महागाई सवलत पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते. १ जानेवारी २०२५ पासूनचा दर ५५ टक्के होता. २१,१०० वर ते ११,६०५ रुपये होतात. म्हणजे आपल्या हवालदाराला उरलेले १०,५५० आणि हे ११,६०५ मिळून महिना २२,१५५ रुपये यायला हवेत.

ग्रॅच्युइटी वेगळी. पूर्ण झालेल्या दर सहामाहीला वेतन अधिक महागाई भत्ता यांचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त साडेसोळा पट. कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख झाली. आपल्या हवालदाराचे ४२,२०० आणि त्यावर ५५ टक्के मिळून ६५,४१० होतात. वीस वर्षांच्या चाळीस सहामाह्या म्हणजे दहा पट. कमीत कमी ६ लाख ५४ हजार. शिल्लक रजेचे पैसे कमाल ३०० दिवसांचे. भविष्य निधी आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सची मुदतपूर्तीची रक्कम त्याखेरीज. औषधपाण्यासाठी २००३ साली सुरू झालेली ईसीएचएस योजना आहे. ही सगळी यादी एका कागदावर मांडून प्रत्येकापुढे ‘मिळाले’ किंवा ‘नाही’ असे लिहा.

जे जुने पेन्शनर आहेत त्यांना ‘समान पद, समान पेन्शन’ हा नियम लागू होतो. १ जुलै २०१४ पासून तो लागू झाला, मग १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून दर बदलले. त्याचे तक्ते निघाले आहेत. तक्त्यात आपला आकडा शोधायला तीन गोष्टी लागतात : हुद्दा, गट आणि सेवेची वर्षे. डिस्चार्ज बुकातली वर्षे आणि पीपीओतली वर्षे जुळतात का ते आधी पाहा. अर्ध्या वर्षाच्या फरकाने तक्त्यातली ओळ बदलते. मात्र १ जुलै २०१४ नंतर स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी निघालेल्यांना हा लाभ नाही, हेही मुलाबाळांना सांगून ठेवा. रागाच्या भरात टाकलेला एक अर्ज जन्मभर महागात पडतो.

आता आपल्या खात्यात येऊ. तोच हवालदार रेल्वेत पहिल्या वेतन स्तरावर लागला, तर सातव्या आयोगाच्या तक्त्याप्रमाणे त्याचे वेतन १८,००० पासून सुरू होते. कालचा ३७,००० वाला आज १८,००० वर, हे मनाला लागते. पण त्यामागचा नियम समजून घ्या. अधिकारी हुद्द्याच्या खालच्या आणि पंचावन्न वर्षांआधी सुटलेल्या माजी सैनिकाची पेन्शन नव्या वेतनातून अजिबात वजा करत नाहीत, आणि वेतन सुरुवातीच्या टप्प्यावर बांधतात. म्हणजे पेन्शनही पूर्ण आणि पगारही पूर्ण.

इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. पुन्हा नोकरीला लागलेल्या पेन्शनराची महागाई सवलत एरवी थांबते. पण ज्याची पेन्शन पूर्णपणे दुर्लक्षित धरून वेतन किमान टप्प्यावर बांधले आहे, त्याला १८ जुलै १९९७ पासून पेन्शनवर महागाई सवलत आणि पगारावर महागाई भत्ता अशी दोन्ही मिळतात. त्यासाठी आपल्या कार्यालयाचा तसा दाखला पेन्शन देणाऱ्या कार्यालयात पोचावा लागतो. दाखला नसेल तर आपल्या हवालदाराचे महिना ११,६०५, वर्षाला १ लाख ३९ हजार २६० रुपये अडकतात. एका कागदासाठी! साहेबांनी सही करायची असते, कारकुनाने टिपण लिहायचे असते, आणि आपला साथी ‘सरकारी नियमच असेल’ म्हणून गप्प बसतो.

दुसरे नुकसान विधवा भगिनींचे. पूर्वी सैनिक आणि नागरी अशा दोन सेवा झालेल्याच्या पत्नीला एकच कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्ही मिळतात, आणि त्याआधीच्या मृत्यूंनाही त्या तारखेपासून लाभ आहे. आमच्या शाखेत एका पॉइंट्समनची पत्नी होती. नवरा २००८ साली ड्यूटीवर असताना हृदयविकाराने गेला. तिने रेल्वेची पेन्शन घेतली, फौजेची कधी आलीच नाही. २०१२ चा आदेश तिला कोणी सांगितला नाही, आम्हीही नाही. २०१९ साली तिचा मुलगा ट्रंकेतले डिस्चार्ज बुक घेऊन शाखा कार्यालयात आला, तेव्हा आमच्या ध्यानात आले. अर्ज केले, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार झाला, थकबाकी मिळाली. माउलीने पेढे वाटले. पण खरे सांगतो, आम्हाला ते पेढे गोड लागले नाहीत. सात वर्षे ती दुसऱ्याच्या घरची भांडी घासत होती, आणि आदेशाची प्रत आमच्याच कपाटात होती.

कुटुंब पेन्शनचा हिशेबही सोपा आहे. साधा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. आपल्या उदाहरणात १२,६६०. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सुरुवातीला वाढीव दर, म्हणजे ५० टक्के, सात वर्षे किंवा तो सदुसष्ट वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर. लढाईत कामी आलेल्याच्या कुटुंबाला उदारीकृत दराने पूर्ण वेतनाइतकी पेन्शन असते. हे सारे मिळण्यासाठी पत्नीचे नाव आणि जन्मतारीख पीपीओत बरोबर हवी. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असेल तर नवऱ्याच्या हयातीतच दुरुस्त करून घ्या. आता पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवर गेला आहे. तिथेही दरवर्षी हयातीची नोंद चुकवू नका.

एक शेवटचा मुद्दा. १ जानेवारी २००४ नंतर आपल्या खात्यांत आलेल्यांना नवी पेन्शन योजना लागली. फौज त्यातून वगळली गेली. पण २०२२ साली अग्निपथ आली. चार वर्षांची नोकरी, शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी, त्यातला व्याजाखेरीज निम्मा वाटा त्या पोराच्याच पगारातून कापलेला. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. कायम होणार ते जास्तीत जास्त चौघांतला एक. आपल्या चाळींतून, क्वार्टरांतून मुले भरतीला पहाटे धावतात. त्यांना धावू नका असे आम्ही म्हणणार नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घरांत ते कोणी ऐकणारही नाही. पण आजोबांना मिळाली ती पेन्शन नातवाला मिळेल असे समजून घराने बेत आखू नयेत. सुटून आलेली ती मुले उद्या आपल्याच खात्यांत, आपल्याच शाखांत येतील. त्यांच्यासाठीही आपल्यालाच बोलावे लागेल.

आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. त्याचे तक्ते आले की आजचे आकडे जुने होतील, पण हिशेबाची रीत ठाऊक असली की नवे आकडे तुम्हीच घालाल. म्हणून आमची विनंती एवढीच आहे. परत गेल्यावर प्रत्येक शाखेने एक वही घालावी. शाखेतल्या प्रत्येक माजी सैनिकाचे नाव, हुद्दा, सेवेची वर्षे, पीपीओ क्रमांक तीत लिहावा, आणि पुढे दोन प्रश्न : महागाई सवलतीचा दाखला गेला आहे का? पत्नीचे नाव बरोबर आहे का? मागे राहिलेल्या भगिनींची नावे वेगळ्या पानावर लिहा आणि त्यांच्या घरी आपण होऊन जा. त्या कार्यालयात येतील याची वाट पाहू नका. आम्ही वाट पाहिली, त्यात सात वर्षे गेली.

कामगार एकजुटीचा विजय असो!